विष्णुशास्त्री चिपळूणकर

विष्णु कृष्ण चिपळूणकर, प्रचलित नाव विष्णुशास्त्री चिपळूणकर (२० मे १८५० – १७ मार्च १८८२), हे मराठी निबंधकार, समीक्षक, पत्रकार व शिक्षक होते. ‘निबंधमाला’ या मासिकाचे कर्ते आणि पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे एक संस्थापक म्हणून ते ओळखले जातात. आधुनिक मराठी गद्याचे जनक असा त्यांचा उल्लेख होतो आणि स्वतःला त्यांनी मराठी भाषेचे शिवाजी म्हणवून घेतले होते. त्यांच्या बत्तीस वर्षांच्या आयुष्यातील जवळजवळ सर्व प्रौढ वर्षे शाळेत शिकवण्यात गेली, ही गोष्ट त्यांच्या निबंधांच्या चर्चेत बहुधा मागे पडते. पुणे व रत्नागिरी येथील सरकारी हायस्कुलांत शिक्षकाची नोकरी करीत असतानाच त्यांनी निबंधमालेचा मोठा भाग लिहिला.

जन्म व शिक्षण

विष्णुशास्त्र्यांचा जन्म पुणे येथे झाला. त्यांचे वडील कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८२४–१८७८) हे संस्कृत पंडित, मराठी ग्रंथकार आणि शिक्षण खात्यातील अधिकारी होते. ‘विचारलहरी’ हे पत्र, ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’ हा ग्रंथ, मेघदूताचे मराठी रूपांतर, सॉक्रेटिसाचे चरित्र असे त्यांचे विविध लेखन प्रसिद्ध आहे. घरात शास्त्री-परंपरेचे संस्कृत आणि नव्या शिक्षणाचे इंग्रजी एकत्र नांदत होते. मुलाच्या गद्यात पुढे हे दोन्ही प्रवाह स्पष्ट दिसतात.

१८६५ मध्ये मॅट्रिक झाल्यावर विष्णुशास्त्र्यांनी पुण्यातच महाविद्यालयीन शिक्षण घेतले आणि १८७२ मध्ये डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. विद्यार्थिदशेतच, १८६८ पासून, वडिलांच्या ‘शालापत्रक’ या मासिकाचे काम त्यांच्याकडे आले होते. नावाप्रमाणेच हे मासिक शाळांसाठी होते. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू व दंडी या पाच संस्कृत कवींवरील त्यांचे लेख प्रथम यातच प्रसिद्ध झाले व पुढे ‘संस्कृत कविपंचक’ या नावाने पुस्तकरूपाने आले. कवीचा काळ ठरवणे, कृतीचा परिचय करून देणे, निवडक स्थळे उलगडून दाखवणे आणि मग गुणदोषांचा निवाडा करणे अशी या लेखांची पद्धत आहे. आज वाङ्मयीन रसग्रहणाच्या उत्तरात विद्यार्थ्याकडून जी अपेक्षा असते, तिची मराठीतील ही पहिली विस्तृत उदाहरणे म्हणता येतील. ‘शालापत्रक’ सरकारी आश्रयाने चालत असे. त्यातील टीकेचा सूर न रुचल्याने ते १८७५ मध्ये बंद करण्यात आले.

शिक्षकी पेशा

पदवीनंतर विष्णुशास्त्र्यांनी काही काळ पुण्यातील बाबा गोखले यांच्या खाजगी शाळेत शिकवले आणि नंतर ते सरकारी हायस्कुलात रुजू झाले. त्या काळच्या हायस्कुलाचे सारे लक्ष मॅट्रिकच्या परीक्षेवर आणि पर्यायाने इंग्रजीवर असे. मॅट्रिकनंतर तर मराठीला थाराच नव्हता. मुंबई विद्यापीठाने वरच्या परीक्षांतून देशी भाषा वगळल्या होत्या. महादेव गोविंद रानडे यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, मराठीला विद्यापीठात पुन्हा प्रवेश मिळाला. त्यामुळे कॉलेजातून बाहेर पडणारा तरुण एखाद्या विषयाची बाजू इंग्रजीत चार पाने मांडू शके, परंतु तेच मराठीत लिहायला बसला की त्याची लेखणी अडे. त्याला तसे लिहायला कोणी शिकवलेलेच नसे. या उणिवेची जाणीव विष्णुशास्त्र्यांना वर्गातच झाली असली पाहिजे, कारण निबंधमालेतील पहिल्याच विषयाची निवड तीच सांगते.

निबंधमाला

‘निबंधमाला’ जानेवारी १८७४ मध्ये सुरू झाली. सात वर्षांचे मिळून तिचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर एकट्या विष्णुशास्त्र्यांचा आहे. अंक वेळेवर निघत नसत, ही वर्गणीदारांची तक्रार वाजवी होती. दिवसभर शाळा करून महिन्याला एक अंक एकहाती भरणे सोपे नव्हते.

मराठीत निबंध त्यापूर्वीही लिहिले जात होते. बाळशास्त्री जांभेकर व भाऊ महाजन यांच्या पत्रांतून आणि लोकहितवादींच्या शतपत्रांतून विचारप्रधान गद्य घडत आले होते. मात्र लोकहितवादींचे पत्र हे एका बैठकीत सांगून टाकलेल्या मतासारखे असते. त्यात कळकळ असते आणि निष्कर्षही असतो, पण तेथवर पोचण्याची वाट फारशी दाखवलेली नसते. विष्णुशास्त्र्यांनी ती वाट लिहून काढली, आणि त्यासाठी लागली तितकी पाने घेतली. त्यांचा एकेक निबंध अनेकदा कित्येक अंक चाले.

‘मराठी भाषेची सांप्रतची स्थिति’ हा आरंभीचा निबंध. मराठी ही दरिद्री भाषा आहे, तिच्यात गंभीर विषय मांडता येत नाहीत, असा तेव्हाच्या सुशिक्षितांचा समज होता. विष्णुशास्त्री आधी तो समज स्पष्ट शब्दांत मांडतात आणि मग त्याची कारणे तपासू लागतात. दोष भाषेच्या अंगचा आहे की ती न वापरणाऱ्यांचा, हा प्रश्न ते उभा करतात. जुन्या कवितेची संपदा, बखरींचे गद्य आणि बोलण्यातील जोम हे पुरावे पुढे ठेवून ते उत्तराकडे वळतात. इंग्रजी वाक्यरचनेवर मराठी शब्द चढवून लिहिण्याची जी खोड शालेय पुस्तकांतून पसरत होती, तिचीही ते हजेरी घेतात. प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम मांडून मग त्याचे खंडन करण्याची ही रीत मुळात शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची. घरच्या शास्त्री-परंपरेत ती त्यांना सहजच लाभली होती. मेकॉले, जॉन्सन व ॲडिसन यांच्या वाचनातून त्यांनी तिला परिच्छेदांची बांधणी, दृष्टांतांची रेलचेल आणि उपरोधाची धार दिली. दोन परंपरांचा हा सांधा त्यांच्या गद्याचे खरे वैशिष्ट्य आहे. केवळ इंग्रजी निबंधाची नक्कल म्हणून निबंधमालेकडे पाहणाऱ्यांच्या ते नजरेतून सुटते.

मालेतील विषयांची यादी पाहिली तर एखाद्या भाषाशिक्षकाने आखलेला अभ्यासक्रमच समोर येतो. ‘लेखनशुद्धि’, ‘भाषापद्धति’, ‘भाषांतर’, ‘वाचन’ व ‘वक्तृत्व’ हे निबंध थेट भाषेच्या वापराविषयी आहेत. ‘इतिहास’, ‘लोकभ्रम’, ‘अनुकरण’, ‘गर्व’ व ‘संपत्तीचा उपभोग’ यांत सामाजिक व नैतिक प्रश्नांवर युक्तिवाद आहे. वाङ्मयचर्चेत ‘विद्वत्त्व आणि कवित्व’ हा निबंध महत्त्वाचा ठरतो. पांडित्य असले म्हणजे कवित्व आलेच, या जुन्या समजुतीला त्यात छेद दिला असून ज्ञान आणि प्रतिभा या भिन्न शक्ती आहेत असे प्रतिपादन केले आहे. डॉ. जॉन्सन यांचे विस्तृत चरित्र आणि मोरोपंतांच्या कवितेची दीर्घ चिकित्सा हेही निबंधमालेचेच भाग होत. मोरोपंतांवर लिहिताना ते कवितेतील प्रत्यक्ष स्थळे काढून त्यांवर बोलतात. नुसत्या स्तुतीने किंवा निंदेने कवीची परीक्षा होत नाही, हे मराठी वाचकाला अशा लेखनातून प्रथमच उमगले.

इंग्रजी विद्येचा त्यांनी कधी तिरस्कार केला नाही. तिला त्यांनी वाघिणीच्या दुधाची उपमा दिली. ते पिऊन अंगी आलेले बळ स्वभाषेत उतरावे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

रत्नागिरी

१८७८ च्या सुमारास विष्णुशास्त्र्यांची बदली रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात झाली. ही बदली त्यांच्या परखड लेखनाचे फळ होते, असे समजले जाते. रत्नागिरीचे हायस्कूल विद्येच्या दृष्टीने सामान्य नव्हते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तेथे शिकले होते आणि पुढे काही काळ तेथे मुख्याध्यापकही होते. परंतु मासिक चालवणाऱ्या लेखकाला हे गाव गैरसोयीचे होते. कोकणात रेल्वे नव्हती. मुंबईहून आगबोटीने यावे किंवा घाट उतरून, आणि पावसाळ्यात बंदर बंद झाले की आगबोटीची वाटही मिटे. लेखक समुद्रकाठी आणि वाचक, छापखाने व सहकारी घाटावर, अशी ही परिस्थिती होती.

त्याच वर्षी, मे महिन्यात, कृष्णशास्त्र्यांचे निधन झाले. कुटुंबाचा भार अंगावर आला असताना सरकारी नोकरी टिकवणे हेच शहाणपणाचे ठरले असते. विष्णुशास्त्र्यांच्या मनाचा ओढा मात्र वेगळीकडे होता. काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह ‘काव्येतिहाससंग्रह’ हे जुनी काव्ये व ऐतिहासिक कागदपत्रे प्रसिद्ध करणारे मासिक १८७८ मध्येच सुरू झाले होते. पुण्यात चित्रशाळा व पुस्तकविक्रीचे दुकान यांचीही उभारणी चालू होती. हे सगळे पुण्यात आणि कर्ता रत्नागिरीत, हे फार काळ चालणारे नव्हते. १८७९ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. परत जाऊन सरकारी मदतीवर न विसंबणारी शाळा काढायची, हा बेत तेव्हा पक्का झाला होता.

रत्नागिरीचा मुक्काम अल्प असल्याने चरित्रकार तो एखाद्या वाक्यात आटोपतात. वास्तविक सरकारी शिक्षकाच्या मर्यादा त्यांना सर्वांत जास्त जाणवल्या त्या येथेच. वर्गात नेमलेले पुस्तक शिकवायचे आणि घरी येऊन त्याच शिक्षणपद्धतीवर लिहायचे, ही दुहेरी वहिवाट त्यांनी येथे संपवली.

न्यू इंग्लिश स्कूल व वृत्तपत्रे

बाळ गंगाधर टिळक (जन्म रत्नागिरी, १८५६) आणि गोपाळ गणेश आगरकर हे डेक्कन कॉलेजातील विद्यार्थी निबंधमालेचे वाचक होते. स्वतंत्र शाळेच्या कल्पनेने दोघेही भारलेले होते. विष्णुशास्त्री राजीनामा देऊन येत आहेत असे कळताच ते त्यांना जाऊन मिळाले. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. महादेव बल्लाळ नामजोशी आरंभापासून, संस्कृत कोशकार वामन शिवराम आपटे त्याच वर्षी आणि आगरकर एम. ए. झाल्यावर शाळेत दाखल झाले. शाळा अल्पावधीत नावारूपास आली.

जानेवारी १८८१ मध्ये याच मंडळींनी ‘मराठा’ हे इंग्रजी व ‘केसरी’ हे मराठी साप्ताहिक काढले. विष्णुशास्त्री केसरीत प्रामुख्याने वाङ्मयीन व शैक्षणिक विषयांवर लिहीत. निबंधमाला याच काळात संपली. ‘आमच्या देशाची स्थिति’ हा तिच्यातील अखेरचा निबंध ब्रिटिश सरकारने पुढे जप्त केला.

कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीचा खटला टिळक व आगरकर यांच्यावर चालू असतानाच, १७ मार्च १८८२ रोजी, विष्णुशास्त्र्यांचे पुण्यात निधन झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटी (१८८४) व फर्ग्युसन कॉलेज (१८८५) ही त्यांच्या शाळेतून वाढलेली झाडे त्यांनी पाहिली नाहीत.

वाद व मर्यादा

विष्णुशास्त्र्यांच्या युक्तिवादाचे सामर्थ्य जितके स्पष्ट आहे तितक्याच त्याच्या उणिवाही. लोकहितवादींवर त्यांनी प्रदीर्घ टीका केली. ख्रिस्ती मिशनरी व समाजसुधारक हे त्यांचे नेहमीचे लक्ष्य होते. यांत सर्वांत सदोष आहे ती जोतीराव फुले यांच्यावरील टीका. ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. शूद्रातिशूद्रांना विद्येपासून दूर ठेवले गेले, हा फुल्यांचा मुख्य आक्षेप. निबंधमालेने त्याला उत्तर देण्याऐवजी फुल्यांच्या व्याकरणाची, शब्दयोजनेची आणि अधिकाराची थट्टा केली. ज्याला विद्या नाकारली गेली त्याच्या अशुद्ध लेखनावर बोट ठेवल्याने त्याचा आक्षेप खोडला जात नाही. उलट त्याला आणखी एक पुरावा मिळतो. मराठीच्या स्थितीवर लिहिताना पूर्वपक्ष काळजीपूर्वक मांडणाऱ्या लेखकाने येथे तो मांडलाच नाही. जातीचा अभिमान त्यांच्या तर्काच्या आड आला, असेच म्हणावे लागते. त्यांच्या गद्याचे चाहते हा भाग टाळतात आणि विरोधक एवढाच भाग वाचतात. विद्यार्थ्याने दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचावेत.

लांबच लांब वाक्ये, पाल्हाळ आणि संस्कृतप्रचुरता हे दोष समकालीनांनीही दाखवले होते. वामन मल्हार जोशी यांच्या काळापर्यंत मराठी निबंध बराच सुटसुटीत झाला होता.

शिष्यपरंपरा

आगरकरांनी सामाजिक प्रश्नांवर विष्णुशास्त्र्यांच्या अगदी विरुद्ध भूमिका घेतली, पण ती मांडण्यासाठी निबंध हेच साधन वापरले. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांच्या वक्रोक्तीचे मूळही निबंधमालेतील उपरोधात शोधले जाते.

न्यू इंग्लिश स्कूलमधील विद्यार्थ्यांत पुढे कादंबरीकार म्हणून कीर्ती मिळवणारे हरि नारायण आपटे होते. गुरूच्या निधनानंतर त्यांनी ‘शिष्यजनविलाप’ ही विलापिका रचली. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. त्यानंतर काही काळाने आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर प्रसिद्ध केले, आणि आपट्यांनी त्यावर सुमारे ७२ पानांची समीक्षा लिहिली. आगरकर त्यांचे शिक्षक होते. भाषांतरातील उणिवा त्यांनी स्थळे दाखवून मांडल्या.