चवदार तळे कशाने शुद्ध होते?

दर वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर राज्यभरातून माणसे येतात. पायऱ्या उतरतात, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावतात. या दिवसामागची घटना सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर तळ्याचे जे शुद्धीकरण झाले, त्याकडे मात्र डॉक्टरच्या नजरेने फारसे कुणी पाहिलेले नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र पाण्याच्या बाजूनेही सांगता येते. जन्म १४ एप्रिल १८९१, महू येथे. मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातले, म्हणजे महाडच्या शेजारचेच. साताऱ्याच्या शाळेत त्यांना नळाला हात लावता येत नसे. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. पुढे एका उन्हाळ्याच्या सुटीत ते भावंडांबरोबर वडिलांकडे कोरेगावला निघाले. बैलगाडीचा लांबचा प्रवास. बरोबर खाण्याचे डबे होते, पण वाटेत कुणी पाणी देईना. घशाखाली घास उतरणार कसा? पोरे उपाशीच झोपली. लहान मुलांच्या अंगातले पाणी मोठ्यांपेक्षा लवकर घटते, उन्हाळ्यात तर फारच लवकर. बालरोग विभागात काम केलेल्या कुणालाही ही रात्र वाचताना अस्वस्थ व्हायला होते.

१९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला गेले. नदीपलीकडच्या जर्सी सिटीत १९०८ पासूनच शहराच्या पाण्यात क्लोरीन मिसळले जात होते. त्याच्याही आधी, १८८४ मध्ये, रॉबर्ट कॉख यांनी आपल्याच देशात, कोलकात्यातल्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू दाखवून दिले होते. पाणी कशाने बाटते, या प्रश्नाला विज्ञानाने दिलेले उत्तर तोवर जुने झाले होते.

कोलंबिया आणि लंडनचे शिक्षण संपवून बाबासाहेब १९२३ मध्ये परतले. त्याच वर्षी सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. मुसलमान तिथले पाणी भरत, गुरेढोरेही पीत. अस्पृश्य मानलेल्यांना तेवढी बंदी.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. हजारो माणसे पायी आली. मांडवाजवळ त्यांना पाणी मिळण्याची सोय नव्हती, म्हणून परिषदेने सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घेतले. तळे हाकेच्या अंतरावर असताना! दुसऱ्या दिवशी सारे जण मिरवणुकीने तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी पाणी प्यायले, मग सगळ्यांनी प्यायले. थोड्याच वेळात हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि जेवायला बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. त्यानंतर तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे मिश्रण भरलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारात पाण्यात ओतल्या गेल्या.

आता रसायनाकडे येऊ. तळे चार-पाच एकरांचे. चार एकरांवर सरासरी मीटरभर पाणी धरले, तर ते दीड कोटी लिटरच्या वर जाते. १०८ घागरी दहा-दहा लिटरच्या धरल्या, तर जेमतेम हजार लिटर. म्हणजे प्रामाणिकपणे सांगायचे तर एवढ्याने तळ्याचे फारसे बिघडले नसेल. पण दिशा नेमकी उलटी होती. शेणातून जंतू येतात. शेण आणि मूत्रातला नायट्रोजन व फॉस्फरस म्हणजे शेवाळाचे खत. पाणी साचलेले, ऊन मार्चचे. शेवाळाला आणखी काय हवे?

शेवाळ फक्त पाणी हिरवे करून थांबत नाही. दिवसा ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, वर चढतो. सामू चढला की क्लोरीनची जंतुनाशक ताकद उतरते. साडेसातच्या आसपास ती निम्मी होते, आठच्या पुढे फारच थोडी उरते. शिवाय सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकते आणि मूत्रातल्या अमोनियाशी त्याचे क्लोरामाइन बनते. त्याला वास जास्त, काम कमी. अलीकडे बंगल्यांत आणि फार्महाऊसवर पोहण्याचे तलाव झाले आहेत. तिथले पाणी हिरवे झाले की मालक पिंपभर क्लोरीन ओततात आणि काहीच झाले नाही म्हणून तक्रार करतात, त्याचे कारण हेच. आधी भिंती घासून शेवाळ सोडवावे, गाळणयंत्र चालवून ते काढून टाकावे, सामू ७.२ ते ७.६ मध्ये आणावा, मगच क्लोरीन घालावे. तेही सूर्य मावळल्यावर, कारण उन्हात ते विरते. सामू उतरवायचे आम्ल आणि टीसीएल पावडर कधीही एकत्र करू नये. निघणारा वायू फुप्फुसे जाळतो. गावतळ्याला मात्र हा उपाय नाही, मासे मरतील. तिथे गाळ काढणे, सांडपाणी अडवणे आणि पिण्यासाठी उपसलेल्या पाण्यातच टीसीएल घालणे, एवढेच करता येते.

ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा महाडला आले, तोवर विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरती मनाई मिळवली होती. त्यांनी ती पाळली, पाण्याला हात लावला नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन मात्र झाले. खटला जवळजवळ दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला: बंदीची चाल अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध झालेले नाही. चाळीस रुपयांचे पाणी विकत घेणाऱ्या त्या परिषदेतले किती जण तोवर हयात असतील, असे मला दर वेळी वाटते.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना दामोदर खोऱ्यासारख्या मोठ्या जलयोजनांची पायाभरणी त्यांच्या खात्यातून झाली. हा भाग आपल्याकडे उगाचच मागे पडतो. मधुमेहाने त्यांना अखेरच्या वर्षांत पोखरले होते. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत झोपेतच त्यांचे निधन झाले.

महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर पावसाळ्यात पाण्याचे लोंढे आणि मे महिन्यात टँकर, हे अजून चालूच आहे. टीसीएलचा वास येतो म्हणून लोक नळाचे पाणी सोडून झऱ्याचे भरतात. त्यांना मी ओटी टेस्ट करून दाखवतो: परीक्षानळीत पाणी, वर थेंबभर औषध, आणि फिकट पिवळा रंग आला की क्लोरीन शिल्लक आहे. २० मार्चला येणाऱ्यांनी तळ्याचे पाणी डोळ्यांना जरूर लावावे. पिण्यासाठी मात्र क्लोरीन घातलेले पाणी बरोबर आणावे. त्या दिवसांत ऊन कडक असते आणि लहान मुले सोबत असतात.