श्यामच्या आईचा मुलगा

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे; परंतु कर्ज वाढत गेले आणि वैभव ओसरले. त्या ओढगस्तीतही आई यशोदाबाईंनी मुलांची मने दरिद्री होऊ दिली नाहीत. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण करणारा हा मुलगा १९१७ साली आईच्या अखेरच्या घटकेला तिच्याजवळ नव्हता. ती सल जन्मभर राहिली.

१९२४ मध्ये ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. छात्रालयातील मुलांची अंथरुणे ते स्वतः आवरीत, कपडेही धूत. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी विनोबांची गीताप्रवचने टिपून घेतली आणि नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढले. पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. पालगडच्या त्या घरापासून नागपूरकर भोसल्यांनी काशीत बांधलेल्या भोसले घाटापर्यंत, जिथे मराठी कुटुंबे वसली तिथे या आईची ओळख सांगावी लागत नाही.

हे पुस्तक केवळ रडवते, असा आक्षेप कधीकधी ऐकू येतो. तो घेणारे या आईचा करडेपणा विसरतात. पोहायला भिऊन माळ्यावर दडलेल्या श्यामला ती शिंपटीने मारते, मग पोहून आलेल्या त्याच श्यामला मायेने जवळ घेते. न्हाऊन आलेल्या मुलाच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून पदर पसरणारी ही आई मनालाही मळ लागू देऊ नको, असे सांगते. अस्पृश्य म्हातारीच्या डोक्यावर मोळी उचलून देण्यास श्यामला धाडणारीही तीच. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजी उपोषणास बसले, त्याचे मूळ बहुधा त्या मोळीतच असावे.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. संसार त्यांनी मांडला नाही. पण पुतणीला पत्रे लिहिताना फुले, पाखरे, पुस्तके, देशाच्या घडामोडी असे सारे ते पोटच्या लेकीला सांगावे तसे सांगत. तीच ‘सुंदर पत्रे’. ११ जून १९५० रोजी ते गेले. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले ते १९५४ साली; ते पाहण्यास गुरुजी नव्हते.