अब्दुर्रहमान अल्-सूफी आणि देवयानीतील लहानसा ढग

वाचकहो, नोव्हेंबर महिन्यातील एखाद्या अंधाऱ्या रात्री गावाच्या दिव्यांपासून दूर जा आणि माथ्याच्या किंचित उत्तरेस पाहा. देवयानी तारकासमूहात धुक्याचा एक पुसट ठिपका दिसेल. या ठिपक्याची आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी लेखी नोंद एका मुस्लिम विद्वानाने केली आहे. त्याचे नाव अब्दुर्रहमान अल्-सूफी.

अल्-सूफीचा जन्म इ. स. ९०३ मध्ये इराणातील रय्य येथे झाला. त्याचे कार्य मुख्यतः इस्फहान व शिराझ येथे घडले. बुवैही घराण्यातील अमीर अजदुद्दौला हा त्याचा आश्रयदाता होता, तसाच शिष्यही होता. तारकांचे ज्ञान आपणांस अल्-सूफीकडून मिळाले, हे तो सत्ताधीश अभिमानाने सांगत असे. गुरूचा असा मान राखणारे राज्यकर्ते विरळाच!

त्या काळी टॉलेमी या ग्रीक पंडिताचा शब्द खगोलशास्त्रात प्रमाण मानला जाई. अल्-सूफीला त्याच्याविषयी आदर होता. परंतु आदर म्हणजे डोळे मिटून मान डोलावणे नव्हे, हे तो जाणून होता. त्याने टॉलेमीचे ४८ तारकासमूह घेतले, एकेक तारा स्वतः पाहिला, त्याची तेजस्विता पुन्हा ठरविली आणि जेथे फरक आढळला तेथे तो स्पष्ट लिहिला. वाळवंटातील अरबांमध्ये रूढ असलेली ताऱ्यांची नावेही त्याने ग्रीक नावांशी ताडून पाहिली. या परिश्रमातून इ. स. ९६४ च्या सुमारास, वयाच्या साठीत, त्याचा स्थिर ताऱ्यांवरील ग्रंथ सिद्ध झाला. त्यात प्रत्येक तारकासमूहाची दोन चित्रे आहेत : एक आकाशात दिसते तसे आणि दुसरे खगोलाच्या गोलावर दिसते तसे. शिकणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून घेतलेली ही काळजी पाहिली, की त्याच्यातील शिक्षक डोळ्यांपुढे उभा राहतो.

याच ग्रंथात देवयानीजवळच्या माशाच्या मुखापाशी त्याने लहानशा ढगाची खूण केली. तो ढग काय आहे, हे त्याला ठाऊक असणे शक्यच नव्हते. तरीही समजले नाही म्हणून त्याने ते वगळले नाही. इ. स. ९८६ मध्ये तो निवर्तला.

पुढे १९२३ मध्ये एडविन हबल यांनी त्या ढगात एक रूपविकारी तारा शोधला आणि हा ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे, हे सिद्ध झाले. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास सुमारे २५ लाख वर्षे लागतात!

परंतु डोळ्यांना दिसते ते सर्व नव्हे. लक्षावधी अंश तापलेला वायू क्ष-किरण फेकतो. कृष्णविवर शेजारच्या ताऱ्याचे द्रव्य ओढून घेते, तेव्हाही ते द्रव्य तापून क्ष-किरण बाहेर पडतात. आपले वातावरण हे किरण अडविते, म्हणून दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते. २३ जुलै १९९९ रोजी अमेरिकेने अशी एक दुर्बीण अवकाशात सोडली आणि तिला भारतात शिकलेल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्यावरून ‘चंद्रा’ हे नाव दिले. अल्-सूफीच्या त्याच ढगात या दुर्बिणीच्या साहाय्याने २०१३ पर्यंत ३५ संभाव्य कृष्णविवरे हुडकण्यात आली. २८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताने ‘अॅस्ट्रोसॅट’ पाठविला. त्यावरील एक क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली आहे.

वाचकहो, चंद्रावरील एका विवराला अल्-सूफीचे नाव आहे, याचा आपणांस अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पूर्वजांच्या नावावर किती दिवस गुजराण करावयाची? वर्गात एखादी मुलगी पाठ्यपुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारते, तेव्हा तिला गप्प बसविणारे आपण अल्-सूफीचे वारस म्हणवून घेऊ शकत नाही. पाहावे, ताडून घ्यावे आणि न उमगलेलेही प्रामाणिकपणे लिहून ठेवावे, हा त्याचा खरा वारसा आहे. तो आपल्या मुला-मुलींच्या हाती सुखरूप पोहोचो, हीच अल्लाहपाशी प्रार्थना.