एका थेंबाने लाखो बाळांचे डोळे वाचवणारा डॉक्टर : कार्ल क्रेडे

बाळ जन्मलं. दोन-तीन दिवसांत पापण्या सुजल्या आणि डोळ्यांतून घट्ट पिवळा पू वाहू लागला. पुढे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, जखम झाली. कधी तो पडदा फुटला, तर कधी जखम भरून कायमचं पांढरं फूल पडलं. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात हे नेहमीचंच होतं. तिथल्या अंधशाळांमधल्या मुलांपैकी अनेकांची दृष्टी जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच गेलेली असायची.

हे थांबवणारे डॉक्टर नेत्रतज्ज्ञ नव्हते. ते बाळंतपणं करणारे डॉक्टर होते.

कार्ल क्रेडे यांचा जन्म 1819 साली बर्लिनमध्ये झाला. तिथे त्यांनी सुईणींच्या प्रशिक्षण शाळेचं काम पाहिलं आणि 1856 मध्ये ते लाइपझिग विद्यापीठात प्राध्यापक झाले. बाळंतपणानंतर पोट बाहेरून दाबून वार पाडण्याची त्यांची पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पण प्रसूतिगृहातल्या बाळांचे डोळे मात्र त्यांना वाचवता येत नव्हते. 1874 मध्ये तिथल्या दर 100 बाळांपैकी जवळपास 14 बाळांना हा आजार झाला होता.

आईला परमा (गनोरिया) असेल, तर जन्माच्या वेळी तो संसर्ग बाळाच्या डोळ्यांत जातो, हा अंदाज होता. 1879 मध्ये आल्बर्ट नायसर यांनी परम्याचा जंतू शोधला आणि त्या अंदाजाला आधार मिळाला. क्रेडे यांनी आधी आईचा जननमार्ग औषधाने धुवून पाहिला, पण फारसा उपयोग झाला नाही. मग त्यांनी विचारच उलटा केला. जंतू डोळ्यात शिरणार असेल, तर औषधही तिथेच का घालू नये?

औषध नवं नव्हतं. सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे चांदीचा क्षार, सुजलेल्या डोळ्यांसाठी आधीपासून वापरात होता. नवं होतं ते आजार होण्याआधीच तो देणं. सुरुवातीला त्यांनी आजारी आईच्या बाळांपुरता उपाय केला. पण आई आजारी आहे की नाही, हे दरवेळी ओळखता येत नव्हतं. म्हणून 1 जून 1880 पासून प्रत्येक बाळाचे डोळे पुसून, काचेच्या कांडीने 2 टक्के द्रावणाचा एक-एक थेंब घालायला सुरुवात झाली. चांदीचे कण जंतूंच्या प्रथिनांना चिकटून त्यांना निकामी करतात. काही वर्षांतच आजाराचं प्रमाण 1 टक्क्याच्याही खाली आलं.

1881 मध्ये क्रेडे यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. ती इतकी सोपी होती की सुईणीलाही सहज जमत होती. पुढे अनेक देशांनी ती कायद्याने सक्तीची केली.

या उपायात उणिवाही होत्या. द्रावण तीव्र झालं तर कॉर्नियालाच इजा व्हायची आणि योग्य प्रमाणातही एक-दोन दिवस डोळे लाल राहायचे. म्हणून नंतर 1 टक्का द्रावण रूढ झालं. क्लॅमिडिया या जंतूवरही ते फारसं चालत नाही. आज बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी प्रतिजैविक मलम वापरतात. 1990 च्या दशकात केनियात पोव्हिडोन-आयोडीनचे स्वस्त थेंबही नवजात बाळांमध्ये प्रभावी ठरले. जंतुनाशक थेट डोळ्यात घालून दृष्टी वाचवायची, ही कल्पना मात्र तीच राहिली. अर्थात असे थेंब डोळ्यांसाठी मुद्दाम सौम्य केलेले असतात. जखमेवर लावायचं घरातलं जंतुनाशक डोळ्यात कधीही घालू नये.

क्रेडे 1892 मध्ये लाइपझिगमध्ये वारले. त्यांचा मुलगा बेनो सर्जन झाला आणि त्यानेही जखमांवरच्या उपचारात चांदीचाच वापर पुढे नेला. वडिलांच्या त्या थेंबामुळे ज्यांचे डोळे वाचले, त्यांपैकी कुणालाच तो आठवणं शक्य नव्हतं. तो पडला तेव्हा त्यांनी जग नुकतंच पाहायला सुरुवात केली होती.