इतिहासाचार्य राजवाडे आणि बीडची पोथी

बीडच्या पाटांगणात मी लहानपणी आजीबरोबर जाऊन आलो होतो. त्याच पाटांगणात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली व १९०९ साली त्यांनी ती छापली, हे मात्र मला कॉलेजात आल्यावर कळले!

राजवाडे १८९० चे बी.ए. पत्नी तरुणपणीच वारली. पुन्हा लग्न केले नाही. नोकरीही थोडीच वर्षे. पुढे कोणी पगार देत नसता हा माणूस गावोगाव हिंडला, हाताने रांधून जेवला आणि वाड्यांतली, मठांतली दप्तरे धुंडाळीत राहिला. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड निघाले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. पण स्वभाव तापट, तेथेही मतभेद झालेच. त्यांचे सगळे सिद्धांत आज टिकलेले नाहीत, काही तर मलाही पटत नाहीत. कागद मात्र वाचले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यास वारले. त्यांचा संग्रह तेथील राजवाडे संशोधन मंडळाने जपला.

आमच्या घरी मोडी कागदांचा एक गठ्ठा होता. वाचणारे कोणीच नव्हते. एका पावसाळ्यात सरपण ओले म्हणून मीच तो चुलीत घातला. दोन पाने उरली आहेत. सध्या मोडी शिकतो आहे.