बाबा आमटे : झिजलेल्या कण्याचा कर्मयोगी

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे जमीनदार घराण्यात झाला. वकील होऊन ते वरोऱ्यास स्थायिक झाले. पण सुखात मन रमेना. सफाई कामगारांचे दुःख कळावे म्हणून त्यांनी मैल्याच्या पाट्या स्वतः डोक्यावर वाहिल्या. त्याच काळात मरणोन्मुख तुळशीराम हा कुष्ठरोगी त्यांना दिसला. आधी ते भ्याले, मग त्या भीतीलाच सामोरे गेले. कलकत्त्यास कुष्ठरोगाचे शिक्षण घेऊन १९५१ मध्ये साधनाताईंसह त्यांनी आनंदवन उभारले. जवळ होते सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये.

हा इतिहास आपण शाळेत वाचला आहे. मला सांगायचे आहे ते त्यांच्या पाठीविषयी. मान आणि कंबर, दोन्हीकडचे मणके झिजल्यामुळे बाबांना बसता येत नसे. कित्येक वर्षे ते एकतर उभे राहिले, नाहीतर आडवे पडून राहिले.

मणक्यांमधल्या गाद्या झिजल्या की हाडांना कंगोरे फुटतात, नसा दाबल्या जातात आणि हातापायांत कळा व मुंग्या येतात. शस्त्रक्रियेने नसेवरचा दाब काढता येतो. झिजलेली गादी मात्र पूर्ववत होत नाही. जंतुसंसर्ग, नसेला इजा, क्वचित लुळेपणा हे धोके असतात. मणके जोडून टाकले, तर भार शेजारच्या मणक्यांवर जातो. उलट, पायातली शक्ती जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर थांबणेच घातक ठरते.

हे सारे मी हौसेने वाचले नाही. माझे वडील लातूरच्या मोंढ्यात हमाल आहेत. वीस वर्षे पाठीवर पोती वाहून त्यांची कंबर गेली. डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. आजी म्हणते, माणूस कायमचा अंथरुणाला खिळेल. घरात कॉलेजात शिकणारी मी पहिलीच, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे पाहतात. डॉक्टरांना काय विचारायचे, एवढे तरी आता मला ठाऊक आहे : ऑपरेशनने काय सुधारेल, काय सुधारणार नाही, आणि थांबलो तर काय होईल?

बाबांनी कण्याच्या मापाने काम बेतले, काम सोडले नाही. डिसेंबर १९८५ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, ते कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने 'भारत जोडो' यात्रेस निघाले. तरुण सायकलींवर, बाबा गाडीतल्या बिछान्यावर! पुढे १९९० मध्ये त्यांनी आनंदवन सोडून नर्मदाकाठी मुक्काम हलवला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले.

मित्रमैत्रिणींनो, थोरांची चरित्रे वाचून केवळ नतमस्तक होणे मला पुरेसे वाटत नाही. बाबांच्या बिछान्याभोवती साधनाताई होत्या, मुले होती, सारे आनंदवन होते. हमालाची पाठ गेली की त्याची रोजी त्याच दिवशी बुडते. बाबांनी ज्यांची बोटे झडली त्यांच्याही हातांना जमेल असे काम दिले. पाठ गेलेल्या माणसाला त्याच्या अंगाला झेपेल असे काम आपल्या मोंढ्यात, आपल्या गावात कोण देणार? बाबांच्या चरित्राने माझ्यापुढे टाकलेला हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवते.