श्रीगुरू हैबतबाबा : ज्यांनी सोहळ्याची घडी घातली

आळंदीस माउलींच्या महाद्वारातून आत शिरताना एक पायरी लागते. भाविक तिला हात लावतो, तोच हात कपाळी नेतो आणि पुढे जातो. ही पायरी श्रीगुरू हैबतबाबांची. ज्या पुरुषाने एवढ्या मोठ्या सोहळ्याची घडी घालून दिली, तो स्वतः मात्र दारात पायरी होऊन राहिला. त्यांचे चरित्र यथामति गाऊन आमची वाणी पवित्र करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

बाबा सातारा प्रांतीच्या आरफळ गावचे, पवार कुळातले. ग्वाल्हेरीस शिंदे सरकारच्या पदरी त्यांनी सरदारकी केली. सरदारकी म्हणजे नुसती तलवार नव्हे. माणसे, घोडी, तंबू घेऊन कूच केव्हा करायचे, तळ कुठे टाकायचा, आघाडीस कोण, पिछाडीस कोण, हे सारे अंगवळणी पडावे लागते. ही विद्या पुढे देवाच्या कामी यायची होती, हे तेव्हा कोणास ठाऊक!

द्रव्य घेऊन गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटले आणि गुहेत कोंडले. बाबांनी सुटकेची आशा सोडली. हरिपाठ मात्र सोडला नाही. परंपरा सांगते की एकविसाव्या दिवशी नायकाच्या घरी पुत्र झाला आणि त्या आनंदात गुहेच्या तोंडची शिळा निघाली. उरलेले आयुष्य माउलींचे, असे मानून बाबा आळंदीस येऊन राहिले.

तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखीचा प्रघात पाडला होता. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीतून पंढरीस जात. पुढे देहूकर वंशजांत हक्कावरून वाद उठला. जिथे मानपान शिरला तिथे भजन मागे पडायचे, हे काय सांगायला हवे? बाबांनी वाद घातला नाही. १८३२ च्या सुमारास त्यांनी माउलींची पालखी आळंदीहून स्वतंत्र काढली.

पण नुसती पालखी उचलली म्हणजे सोहळा होत नाही. अंकलीचे सरदार शितोळे यांच्याकडून घोडे व तंबू आले. वासकरांसारखे भजनी फडकरी सोबतीस आले. भजनाचा क्रम लागला, दिंड्यांच्या जागा नेमल्या. ज्याची जागा आधीच ठरली, तो ऐन वेळी भांडेल कशाला?

त्याच घडीवर वाढलेली रीत आज वाटेवर दिसते. पहिला कर्णा झाला की आवराआवर, दुसऱ्याला आपापल्या दिंडीत उभे राहायचे, तिसऱ्याला पालखी हालते. संध्याकाळी तळावर समाजआरती होते. हजारो टाळ घणघणत असतात. चोपदार दंड उंच करतो आणि सारे क्षणात थांबतात. एखाद्याच दिंडीचे टाळ वाजत राहिले, तर तिची काही तक्रार आहे असे समजावे. चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणे ऐकतो. हरवले-सापडलेले सांगितले जाते, उद्याची वेळ कळते, मग आरती. रुसवा रात्रीपुरताही उरू द्यायचा नाही, केवढी ही दूरदृष्टी!

आम्ही पहिल्या वारीत पडशी बांधत बसलो आणि तिसरा कर्णा झाला. दिंडी गेली. धावत गाठले तेव्हा रागवले कोणी नाही. फक्त ओळीत आमची जागा मोकळी ठेवली होती. त्या मोकळ्या जागेने जे शिकवले ते पाठशाळेत व्याकरण घोकून कळले नव्हते. आता गावच्या सप्ताहात चार माणसांचा मेळ बसत नाही, वीणा कोणी धरायची यावर अडते, तेव्हा आम्हांस ती जागा आठवते.

१८३६ साली बाबा देह ठेवते झाले. समाधी महाद्वाराच्या पायरीशी झाली. आजही आळंदीची कार्तिकी यात्रा या पायरीच्या पूजनाने सुरू होते. तेव्हा सज्जनहो, सोहळा नीट पार पडला आणि तो कोणी पार पाडला हे कोणास आठवले नाही, तर व्यवस्था करणाऱ्याने खंत करू नये. त्याने ती सेवा माउलींच्या पायी पोचली असे समजावे आणि दुसऱ्या कर्ण्याला आपल्या जागी उभे राहावे.